पान एकेचाळीस

अप्पा रिसबूड गेल्याची बातमी मला अप्पांच्याच नंबरवरून आली, आणि ती न वाचताच मी तिच्याखाली वर केलेला अंगठा ठेवला. दर रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या वाचनाच्या गटावर अप्पांचा निरोप यायचा. 'सर्वांना सादर नमस्कार' अशी सुरुवात, मग पुस्तकाचं नाव, मग ते कोणासाठी आहे ते. पहिली ओळ दिसली की आम्ही मंडळी आधी अंगठा ठेवायचो आणि पोहे, आंघोळ, भाजी आटोपून मग सावकाश वाचायचो. त्या रविवारीही पहिली ओळ तीच होती. अकरा अंगठे पडले, त्यातला चौथा माझा. साडेनऊला चष्मा लावून निरोप उघडला, तेव्हा नमस्काराखाली हिंदीत लिहिलेलं होतं की बाबा आज सकाळी झोपेतच गेले, बारा वाजता चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर नेणार आहोत. लिहिणारी त्यांची सून गरिमा. सासऱ्यांची पहिली ओळ तिने सवयीनेच ठेवली असावी. बाकीच्यांनी नंतर घाईघाईने आपापले अंगठे काढून घेतले. मी माझा काढला नाही, तो अजून तिथे आहे.

नंतरचे तीन आठवडे मला काही वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी अंत्यदर्शनाला गेले, तेराव्याला गेले, दोन्ही वेळा घरी येऊन कुकर लावला. गटातल्यांनी मला सांगितलं की अप्पांवर तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना सगळ्यात जवळच्या होता. होते का, हाच माझा प्रश्न होता. गेलं दीड वर्ष आमच्यात जवळजवळ बोलणं नव्हतं, आणि त्याचं कारण गटात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

अप्पा उज्जैनचेच. पिढ्यान्‌पिढ्या इथले, पूर्वज दरबारात कागद सांभाळायला आले ते इथेच राहिले. स्वतः अप्पा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आले. यजमान बँकेत, बदली होऊन उज्जैनला आलो आणि नानाखेड्याला घर बांधून इथलेच झालो. अप्पांची मराठी हिंदीत भिजलेली. ते "मी फोन लावतो", "आज फुरसत आहे का", "बिलकुल फालतू पुस्तक" असं बोलायचे आणि मी हसले की म्हणायचे, "हसा, हसा. तुमची मराठी पेटीतली आहे, आमची वापरातली." माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, तरी मला कधी 'अगं' म्हणाले नाहीत. सुनंदाबाईच म्हणायचे.

आमच्या गावात मराठी पुस्तक मिळणं सोपं नाही. कोणी पुण्याला गेलं तर चार पुस्तकं आणणार, मग ती हातोहात फिरणार. त्यामुळे कोणतं वाचावं हे आधी कळलेलं बरं असतं. त्यासाठीच अप्पांनी सात-आठ वर्षांपूर्वी हा गट काढला. उज्जैनचे आम्ही, शिवाय इंदूर-देवासचे काही, आणि पोरांकडे परदेशी राहायला गेलेले एक-दोन. गटाचं नाव त्यांनी ठेवलं 'पान किती?'. कारण त्यांचा नियमच तसा होता. पुस्तक सगळ्यांना म्हणून सुचवायचं नाही, एका माणसाचं नाव घेऊन त्याला सुचवायचं. सुचवणाऱ्याने ते स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं हवं. आणि ज्याला सुचवलं त्याने महिन्याभरात एवढंच कळवायचं की कितव्या पानापर्यंत पोचलो. आवडलं नाही, सोडून दिलं, तरी काही हरकत नाही. पान मात्र खरं सांगायचं.

सुरुवातीला मला हे शाळेसारखं वाटलं. मग गंमत वाटू लागली. एक निवृत्त डॉक्टर दर वेळी 'पान १२, झोप लागली' असं कळवायचे आणि अप्पा त्यांना आणखी जाडं पुस्तक सुचवायचे. देवासच्या एका बाईंनी एकदा लिहिलं, 'पान ९६. पुढे सासू मरणार असं दिसतंय, मला तिची सवय झाली आहे म्हणून थांबले.' अप्पांनी लगेच मला फोन लावला होता. "पाहिलं, सुनंदाबाई? याला म्हणतात वाचणं. बाकी सगळे पुस्तक चांगलं आहे, चांगलं आहे म्हणतात. त्यात काय मतलब आहे?" एखादा माणूस कुठे थांबला यावरून तो सध्या कसा आहे ते कळतं, असं ते म्हणायचे. ते पुस्तकांपेक्षा माणसंच जास्त वाचत होते, हे मला तेव्हाही दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. सगळं नीट पार पडलं, मुलगा येऊन गेला, मुलगी महिनाभर राहून गेली, आणि मग घरात मी एकटी. अप्पांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळे पुढे काय होतं हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अकराला त्यांचा फोन. सांत्वनाचं अक्षर नाही. आज काय केलंत जेवायला, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं कुत्रं अजून भुंकतं का, चतुर्थीला चिंतामण गणपतीला गर्दी किती होती. दहा मिनिटं बोलायचे आणि "चला, ठेवतो" म्हणून ठेवायचे. चार महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. मी त्या फोनच्या आधी वेणी घालून बसायची. फोनवर कोण वेणी बघतंय... पण बसायची.

मग एका रविवारी गटावर पुस्तक आलं, 'सुनंदाबाईंसाठी'. नाव सांगत नाही. कोणाच्या फारसं वाचनात नसलेली छोटी कादंबरी. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची बायको. नवरा गेल्यावर त्याचं बाजारातलं दुकान तसंच बंद राहतं आणि ही घरी. दुसऱ्या दिवशी अप्पांनी आपली प्रतच कोणाबरोबर तरी पाठवली, त्यांच्या पद्धतीप्रमाणे जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून. मी वाचायला घेतलं. एकेचाळिसाव्या पानावर ती बाई नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालते आणि तिला भिंगाची काच सापडते. तिथे मी पुस्तक मिटलं ते मिटलंच.

खरं तर हे कळवायला अप्पांचीच मोकळीक होती. पान एकेचाळीस, थांबले, एवढं लिहिलं असतं तर झालं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, आणि मला कोणी विचारायला नको होतं. मी ठीक आहे असं सगळ्यांना सांगून झालं होतं. मुलांना तर रोजच सांगत होते. महिना संपत आला तसं मी गटावर लिहिलं, 'शेवटपर्यंत वाचलं.' गट निघाल्यापासून मी तिथे केलेला तो पहिला खोटेपणा. तासाभराने अप्पांचा वेगळा, फक्त मला असा निरोप आला : 'शेवटी तिने दुकान उघडलं, ते पटलं ना आपल्याला?' मी लिहिलं, 'हो, अगदी पटलं.'

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं मला वाटलं. दुकान उघडल्याचं त्या पुस्तकात काही नसणारच. म्हाताऱ्याने सापळा लावला आणि मी अलगद आत जाऊन बसले. पुस्तक उघडून शेवटचं पान बघावं, तर तेही धैर्य नव्हतं. अपराधी माणूस चिडतो, तशी मी चिडले. एवढं काय मोठं पाप केलं मी, नवरा गेलेल्या बाईची परीक्षा घेतात का, असं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. फोन मात्र केला नाही. गटावरही मग अंगठ्यापुरतीच उरले. सहा-सात आठवड्यांतून एकदा त्यांचा फोन यायचा, पण त्यात मी इतकी आखडून बोलायची की तोही लवकर आटपायचा.

या दीड वर्षात आमची भेट एकदाच झाली, टावर चौकात. गेल्या दिवाळीच्या आधी मी पणत्या घ्यायला गेले होते, आणि समोरून अप्पा गरिमाचा हात धरून येत होते. काळा चष्मा, पांढरा सदरा, इस्त्री कडक. मी अगदी दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले, तरी त्यांनी ओळख दाखवली नाही. पुढेच निघाले. गरिमा थांबली, "काकू, नमस्ते" म्हणाली, तेव्हा कुठे ते वळले आणि माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "अरे, सुनंदाबाई. सध्या काय वाचन चालू आहे?" मी म्हटलं, "खास काही नाही, अप्पा. घाईत आहे जरा." घाई कसली, पणत्या तर घेऊन झाल्या होत्या. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, बघा, ओळख द्यायलासुद्धा तयार नाही माणूस.

ती आमची शेवटची भेट.

तिसऱ्या आठवड्यात मी ते पुस्तक परत द्यायला निघाले. मेलेल्या माणसाचं पुस्तक घरात ठेवू नये असं काही नाही, पण मला ते कपाटात दिसायला नको होतं. अप्पांचं घर फ्रीगंजमध्ये, मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. गरिमा हिंदी शाळेत शिकवते, दुपारी दोनपर्यंत घरी येते म्हणून तीनला गेले. तिचा नवरा नोकरीसाठी रोज इंदूरला जाऊन-येऊन करतो. घरात ती एकटीच होती. तिने चहा टाकला आणि मला अप्पांच्या खोलीत बसवलं. पलंग आवरलेला, भिंतीभर पुस्तकं, सगळ्यांना कॅलेंडरची कव्हरं, मजकुराची बाजू आत आणि पांढरी बाजू बाहेर, त्यावर काळ्या शाईत नकाशावर घालतात तशी अक्षरं. पलंगाजवळ दोन खुर्च्या समोरासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. दोन खुर्च्या कशाला, हे मी विचारलं नाही.

गरिमाने पुस्तक हातात घेतलं आणि कव्हरवरून हात फिरवला. "अच्छा, ये वाली," ती म्हणाली. मग, "काकू, आता तर सांगायला हरकत नाही. बाबांना ढाई साल से दिसतच नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. ती चहा पुढे करून सांगत राहिली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेकडेचं थोडं दिसायचं, मधलं काही नाही. चेहरे दिसत नव्हते, अक्षर तर नाहीच. गटाला सांगू नको अशी शपथ घातली होती. वाचायचा गट काढणाऱ्यालाच वाचता येत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग रोज दुपारी शाळेतून आल्यावर ती समोरच्या खुर्चीत बसून त्यांना वाचून दाखवायची. लिपी तर एकच. मराठी तिला बोलण्यापुरती समजते, पुस्तकातली निम्मी समजत नाही, पण उच्चार करत जायची आणि अप्पा ऐकायचे, चुकलं की सुधारायचे. फार अवघड आलं की ती स्वतः चाळून हिंदीत मतलब सांगायची. रविवारचे निरोप ते सांगायचे, ती टाइप करायची; फोन तेवढा ते मोबाइलला नाव सांगून स्वतः लावायचे.

"एक बात रोज पूछते थे," गरिमा म्हणाली. "वाचलेलं हवं असा नियम आहे ना आपला, तर ऐकलेलं चालतं का? ये बेईमानी तो नहीं है? मी म्हणायची, बाबा, बिलकुल नहीं."

टावर चौकातला काळा चष्मा, माझ्या खांद्याच्या बाजूला लागलेली नजर... हे सगळं मला ओळीने आठवलं आणि आतून काही हललं नाही. चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली.

मग गरिमाने कप खाली ठेवला. "काकू, एक गलती मुझसे हो गई थी इस किताब में. बाबांना कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगू?" त्या दिवसांत अप्पांना ताप होता आणि तिच्याकडे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलेलं. ते निघालं एक लांबलचक पत्र, खेड्यातल्या दिराने गावाकडच्या बोलीत लिहिलेलं, त्यातला एकही शब्द तिला कळेना. अप्पा पडल्या पडल्या विचारत होते, मग पुढे काय, पुढे काय. "मैं बहुत थकी हुई थी. मी म्हटलं, बाबा, मुश्किल है, मतलब सांगते. आणि मी मनानेच सांगून दिलं की त्या बाईने दुकान उघडलं. मला वाटलं, उघडेलच ना. और क्या करेगी बिचारी?"

अप्पा ऐकताच उठून बसले म्हणे. म्हणाले, हे सुनंदाबाईंना पाठवायला पाहिजे.

"मैं तो डर गई," गरिमा म्हणाली. "आता तुम्ही वाचणार, बाबांना सांगणार की असं काहीच नाही. महिनाभर घाबरून होते. मग तुमचा निरोप आला, अगदी पटलं म्हणून. तब मैंने सोचा, अरे, मेरा अंदाज़ा सही निकला."

मी तिला विचारलं, माझा निरोप ऐकून अप्पा काय म्हणाले. विचारताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"तीन बार पढ़वाया. बहुत खुश हुए. म्हणाले, चला, सुनंदाबाई सावरल्या. आता रोज-रोज फोन लावून त्यांना परेशान नाही करायचं, त्यांना त्यांचं काही करू दे. तरी सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की बघायची, अकरा वाजले की फोन हातात घ्यायचे. मी म्हणायची, लावून देऊ का? तो बोलते थे, नहीं, रहने दे, ठीक आहेत त्या."

सापळा नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, इतकंच. मी ठीक आहे म्हटलं आणि माणूस बाजूला झाला, तिकडे फोन हातात घेऊन बसला, इकडे मी वेणी घालून त्यांच्यावर चिडत बसले. एका वाक्यापायी दीड वर्ष गेलं. मला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. राग आला होता, तोही त्यांच्यावर, की इतक्या लोकांची खरी पानं ओळखणाऱ्या माणसाला माझं एक खोटं ओळखता येऊ नये. चेहरा दिसला असता तर त्यांनी ओळखलं असतं.

"गरिमा, मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं," मी म्हटलं. "एकेचाळीस पानं वाचली. बाकी खोटं."

तिने पुस्तकाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "तो फिर... किसी ने नहीं पढ़ा?"

शेवटपर्यंत कोणीच नाही. सुचवणाऱ्याने नाही, सांगणारीने नाही, जिच्यासाठी सुचवलं तिने तर नाहीच. गरिमाला आधी हसू आलं, मग तिने तोंडावर पदर दाबला आणि तिचे डोळे भरून आले. मी नुसती बसून होते.

थोड्या वेळाने मी म्हटलं, आण ते इकडे, शेवट वाचू. मधली गोष्ट तिने मला दहा मिनिटांत सांगितली, कारण तिथपर्यंत तिने खरंच वाचलं होतं. मग ती अप्पांच्या खुर्चीत बसली आणि मी समोरच्या. दिराचं पत्र मी मोठ्याने वाचलं. तशी भाषा आमच्या साताऱ्याकडच्या खेड्यांतली, त्यामुळे मला अडचण आली नाही. अडलं तिथे गरिमासाठी हिंदीत सांगत गेले. बारा पानं होती. त्या बाईने दुकान उघडलेलं नाही. दीर कळवतो की दुकान दुसऱ्याला दिलं, लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं आत आहेत, त्यांचं काय करू. ती उत्तर लिहायला बसते, कागद घेते, आणि 'मी ठीक आहे' एवढं लिहून पुढे काय लिहावं ते तिला सुचत नाही. तिथे पुस्तक संपतं.

गरिमाने पुस्तक घेतलं आणि जागेवर ठेवलं. पाच वाजत आले होते, तिला शिकवणीच्या मुलींकडे जायचं होतं. मी चपला घातल्या. ती कुलूप-किल्ली घेऊन दारात आली आणि निघताना सगळे विचारतात तसं विचारलं, "काकू, आप ठीक हैं ना?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. दीड वर्ष काय, दोन वर्षं मी तेच म्हणत आले होते, आणि ज्याने ते खरं मानलं तो माणूस आता ऐकायला नव्हता.

"नाही गं," मी म्हटलं. "अजिबात नाही."

गरिमाने कुलूप खुंटीला अडकवलं, शिकवणीच्या मुलींना फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, आणि मला हाताला धरून परत आत नेलं.